तो तसाच शे

एमएच ३९ ची, म्हणजे नंदुरबारची, पाटी असलेल्या कुठल्याही गाडीत मालकाच्या शेजारी बसा आणि मीटरकडे बघा. एखादा तरी दिवा पेटलेला दिसेल. बहुधा पिवळा, कधी तांबडा, सणासुदीला दोन्ही. "हा कशाचा?" असं विचारलंत तर मालक मीटरकडे न बघता तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "तो तसाच शे." अहिराणीत हे तीन शब्द उच्चारले की विषय संपतो. कधीपासून आहे, कशामुळे आहे, असं पुढे विचारणाऱ्याला कुणी गाडीतून उतरवत नाही, पण पुढच्या वेळी बसवतही नाही.

यावरून नंदुरबारचा माणूस निष्काळजी असतो असं कुणी समजू नये. हंगामात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, नजर पोचेल तिथवर लाल. त्या पथारीच्या कडेला उभं राहून इथला व्यापारी नुसत्या रंगावरून सांगतो की ओल किती राहिली आहे आणि रंग उडालेली फटकी किती निघेल. एकरभर लालीत लालीचे दहा प्रकार ओळखणारा हा गृहस्थ मीटरमधल्या हरभऱ्याएवढ्या लाल ठिपक्यापुढे मात्र रंगांधळा होतो. त्याला तो दिसत नाही असं नाही. दिसतो, म्हणून तर स्टिअरिंगवर हात असा ठेवतो की दिवा बरोबर अंगठ्याआड जावा.

याचं मूळ जिपांच्या काळात असावं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून फुटून हा जिल्हा झाला, तेव्हा धडगाव-मोलगीच्या बाजूला जायचं म्हणजे काळी-पिवळी जीप. तिच्या मीटरमध्ये काटे होते, पण ते एकदा शून्यावर टेकले की पुन्हा उठत नसत. टाकीत डिझेल किती, हे काडी बुडवून बघायचं. शिवाय ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघे, गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून चौथा, आणि ड्रायव्हरच्या उजवीकडे दारात अर्धा आत अर्धा बाहेर असा पाचवा. मीटर असून नसून सारखंच, कारण ते कुणाच्या तरी गुडघ्यामागे असायचं. पण चांदसैली घाट चढताना इंजिनाचा सूर जरा उतरला की ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, बोनेट उघडायचा आणि एखाद्या प्रवाशाला डबा देऊन ओढ्याकडे पिटाळायचा. क्लच जळतोय की ब्रेक, हे त्याला वासावरून कळे. बेअरिंग गेलंय हे त्याला सीटखालून कळे. नाक, कान आणि बूड या तीन इंद्रियांवर सातपुड्याची वाहतूक बरीच वर्षं चालली, आणि ती इंद्रियं कधी पेटून राहत नसत.

मग गाडीत संगणक शिरला. गाडीने आपला आजार आपणच ओळखायचा आणि दिवा लावून मालकाला कळवायचा, ही सोय अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींत आली. आपल्याकडे तिची पहिली पायरी २०१० ला आणि दुसरी २०१३ ला सक्तीची झाली. २०१७ च्या एप्रिलमध्ये धुरासाठीचं बीएस-४ मानक देशभर लागू झालं, २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६. मधल्या काळात, १ जुलै २०१९ पासून, नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग, पट्टा न लावल्यास किरकिर आणि ऐंशीच्या पुढे गेल्यावर टणटण हेही आलं. एवढा सगळा बंदोबस्त दिल्लीहून निघाला तो शेवटी येऊन पडला शहादा-धडगाव रस्त्यावरच्या एका माणसाच्या डोळ्यांपुढे, ज्याला गाडीने आयुष्यात कधी काही सांगितलं नव्हतं आणि सांगावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

नियम तसा साधा आहे. तांबडा पेटला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. पिवळा पेटला तर चालवत नेली तरी चालते, पण लवकर दाखवून घ्यायची. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. निळा म्हणजे तुमचा हेडलाईट अप्परवर आहे आणि समोरून येणारा तुमच्या घराण्याचा उद्धार करतो आहे. आमच्याकडे सर्वांत जास्त काळ "तसाच" राहिलेला दिवा हा निळाच.

चित्रं जगभर सारखी असावीत म्हणून आयएसओ २५७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. वाचता येत नसलं तरी चित्र कळावं, असा त्यामागचा हेतू. ती चित्रं काढणारे मात्र शहादा तालुक्यात येऊन गेलेले नसावेत. चेक इंजिनचं चित्र इथल्या शेतकऱ्याला विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीचं वाटतं, आणि मोटार पेटलेली दिसली म्हणजे लाईट आली, असा त्याचा आनंदी अर्थ होतो. ऑईलच्या झारीच्या टोकाशी थेंब दाखवलेला असतो. थेंब पडतोय म्हणजे ऑईल व्यवस्थित पोचतंय, यात काळजीचं काय? एअरबॅगच्या चित्रात एक इसम पोटाशी भलामोठा गोळा घेऊन टेकून बसलेला आहे. हा लग्नात जेवून आलेला मनुष्य आहे याबद्दल जिल्ह्यात दुमत नाही.

दिवा पेटल्यावर पहिले काही दिवस मालक त्याला मुदत देतो. आला तसा जाईल. मुदत संपली की तो चहाच्या टपरीवर विषय काढतो, आणि तिथे उपचाराला सुरुवात होते. टपरीवर गाडी असलेला एक आणि नसलेले सहा जण असतात. नसलेल्यांचा सल्ला ठाम असतो. एक जिभाऊ म्हणतात, "गाडी चालस ना? मंग चालू दे." दुसरे म्हणतात पेट्रोलमध्ये भेसळ आहे. तिसरा मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवतो, ज्यात परदेशी गाडीला परदेशी माणूस परदेशी हवेत काहीतरी करतो. आणि मग कोपऱ्यातून तो सल्ला येतोच, ज्यावर सातही जणांचं एकमत होतं: "बॅटरीनी वायर काढ, चहा पी ले, परत लाव."

या उपायाची थोरवी अशी की तो लागू पडतो. वायर काढली की बऱ्याच गाड्यांच्या संगणकाची स्मरणशक्ती पुसली जाते आणि दिवा जातो. टपरीवर चहाची दुसरी फेरी होते. पण संगणक नुसता विसरलेला असतो, बरा झालेला नसतो. गाडी चालू लागली की तो आपल्या सगळ्या तपासण्या पहिल्यापासून पुन्हा करायला बसतो: इंजिन तापलं का, सेन्सर बोलतात का, धूर कसा आहे. त्याला काही किलोमीटर लागतात. म्हणून शहाद्यात वायर काढलेली गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लागली की साधारण तापीच्या पुलाच्या सुमारास दिवा परत येतो. तिथल्या गावाचं नावच प्रकाशा असल्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? दिवा परत येतो आणि वर गाडीच्या घड्याळात बारा वाजलेले असतात, ते वेगळंच.

यानंतरची पायरी काळ्या चिकटपट्टीची. नखाएवढा तुकडा कापून दिव्यावर लावायचा. रात्रीच्या प्रवासात डोळ्यांना त्रास होत होता, असं त्याचं अधिकृत कारण सांगितलं जातं.

अगदीच नाइलाज झाला तर मिस्त्री. इथल्या गॅरेजमध्येही आता स्कॅनर आला आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा टाचण्यांचं एक सॉकेट असतं. त्यात मिस्त्रीचा पोरगा काड्यापेटीएवढी डबी खोचतो आणि मोबाईलवर बघतो. परवा एका गॅरेजबाहेर खुर्चीवर बसलो होतो तेव्हा तो पोरगा आतून ओरडला, "बापू, गाडीत चारशे वीस निघालं!" गाडी जुनी होती आणि मालकाने ती मेहुण्याकडून घेतलेली होती. त्याचा चेहरा असा काही उजळला, की इतकी वर्षं पुरावा नव्हता तो आज संगणकाने दिला.

खरं म्हणजे तो कोड पी०४२०. तो लंडनच्या गाडीत निघतो तसाच लोणखेड्याच्या गाडीतही निघतो. सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो, तो विषारी धूर बराचसा निरुपद्रवी करून सोडतो. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर बसवलेले असतात. डब्यातून निघालेला धूर डब्यात शिरलेल्या धुरासारखाच वाटू लागला, की संगणक समजतो डबा काम करत नाही, आणि दिवा लावतो. फसवणूकच म्हणा ती, पण डब्याने केलेली. आपल्या कायद्यात १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. गाड्यांना ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. (जिल्ह्याचा जन्म, पट्ट्याची किरकिर आणि चारशे विसाचा अंत या तिन्ही गोष्टी एक जुलैच्याच. ज्योतिषांनी लक्ष घालावं.)

इथे एक गोष्ट मिस्त्रीलाही पटत नाही आणि मालकालाही. तो कोड म्हणजे बदलायच्या सामानाची यादी नव्हे. अमुक तपासणीत गाडी नापास झाली, एवढंच तो सांगतो. का नापास झाली, ते माणसाने शोधायचं. पी०४२० निघाला म्हणजे डबा गेला असेल, किंवा मागचा सेन्सर गेला असेल, किंवा सायलेन्सरला कुठे भोक पडून बाहेरची हवा आत शिरत असेल, किंवा एखादा प्लग नीट जळत नसल्यामुळे कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन त्याला भाजत असेल. शेवटची भानगड असेल तर नवा डबा बसवून काही महिन्यांत तोही जाणार. डबा महाग, प्लग स्वस्त. पण सुरुवात स्वस्तापासून करायची असं म्हटलं की मालकाला वाटतं मिस्त्रीला काही येत नाही, आणि महागापासून केली की वाटतं लुटतोय. मिस्त्री या पेचातून सुटायला मोबाईलवर एक बटण दाबतो. कोड पुसला जातो. दिवा जातो. पैसे दिले जातात. मालकाचं काम झालं, मिस्त्रीचं झालं. गाडीचं कुणी विचारलं नाही. आणि मालक प्रकाशाच्या दिशेने रवाना होतो.

पिवळा इंजिनाचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर मात्र पुढच्या गावाची वाट बघू नये. इंजिन ठोके चुकवतंय आणि तो महागडा डबा आत्ता, या क्षणी जळतोय, असा त्याचा अर्थ. पण लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल आमच्याकडचं मत असं की स्थिर दिव्यापेक्षा तो बरा, निदान अधूनमधून जातो तरी.

आता उंदरांकडे येऊ. मक्याची कणसं घरात आली, थंडी पडली, की उंदीर गाडीच्या बोनेटखाली मुक्काम हलवतात. ऊब असते, आडोसा असतो आणि दाताला चाळा म्हणून वायरी असतात. सेन्सरची वायर कुरतडली की संगणकाला त्या सेन्सरचा निरोप पोचत नाही आणि दिवा लागतो. चाकाजवळची कुरतडली तर एबीएसचा, इंजिनजवळची असेल तर इंजिनचा. त्यामुळे थंडीत नव्या दिव्याची चौकशी करताना सेन्सर मागवायच्या आधी बोनेट उघडून लेंड्या बघाव्यात, असं कुठलाही जाणता मिस्त्री सांगेल. यावरचे घरगुती उपाय प्रांतोप्रांतीचे वेगळे. कुठे तंबाखूची पानं बांधतात, कुठे डांबराच्या गोळ्या ठेवतात. नंदुरबारकराला उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्याकडे मिरची आहे.

आमच्या ओळखीच्या एका नानांनी तिखटाची पुडी बोनेटखाली हात जाईल तिथे सढळपणे शिंपडली. नानांना हे ठाऊक नव्हतं की एसीच्या पंख्याला बाहेरची हवा जिथून मिळते ती जाळी काचेच्या बुंध्याशी, बोनेटच्या कडेलाच असते. सकाळी सगळं कुटुंब खेतियाला लग्नाला निघालं. नानांनी गाडी सुरू केली आणि पंखा चारवर टाकला. पुढचं वर्णन करायला प्रत्यक्षदर्शींना शब्द फुटत नाहीत, त्या दिवशीही फुटत नव्हते. नव्या शालूतल्या काकू, दोन सुना आणि सहा महिन्यांचा नातू यांनी एका सुरात जे केलं त्याने गल्लीतली कुत्री उठून गेली. उंदीर मात्र गेला नाही. नंदुरबारचा उंदीर तो, त्याचं बालपण मिरचीच्या गोदामात गेलेलं.

मिरचीचा आणि मीटरचा संबंध इथेच संपत नाही. नव्या मोटारींत चालकाशेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. बसलेल्याने पट्टा लावला नाही की तांबडा दिवा पेटतो आणि किरकिर सुरू होते. सेन्सरला माणूस आणि पिशवी यांतला फरक कळत नाही. बाजारातून मिरची भरलेली पिशवी त्या सीटवर ठेवली की गाडी पिशवीसाठी ओरडू लागते. मालक शांतपणे पिशवीला पट्टा लावतो. स्वतःच्या बाजूला मात्र त्याने किरकिर बंद करायची पत्र्याची क्लिप खोचलेली असते, बाजारात मिळायची ती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाईन दुकानांना अशा क्लिपा विकायला मनाई केली, पण तोवर ज्यांना घ्यायच्या त्यांनी घेऊन ठेवल्या होत्या. तेव्हा आता अपघात झालाच तर पाच किलो मिरची सुखरूप घरी पोचेल याची खात्री बाळगायला हरकत नाही.

सीटखाली आणखीही एक गोष्ट असते. एअरबॅग आणि पट्ट्याच्या यंत्रणेचा पिवळ्या रंगाचा कपलर. आपल्याकडे सीटखालची जागा ही देवाने सामान ठेवायला दिलेली आहे. नारळ, विळा, पाण्याच्या बाटल्या, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, एखादी चप्पल. ते कोंबताना कपलर ढिला होतो आणि पोटाशी गोळा धरलेला मनुष्य पेटतो. अनेकदा सामान काढून कपलर नीट बसवला की काम होतं. दिवा स्कॅनरने घालवावा लागतो तेवढाच. पण गाडी बंद करून, चावी काढून आणि जाणत्या हातानेच तिथे जावं, कारण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बारूद असतो. दिवा पेटलेला असताना गाडी आदळली तर फुगा फुगेलच याची हमी नसते. गाडी घेताना ज्या फुग्यांसाठी आपण दोन दिवस शोरूममध्ये घासाघीस केली, ते एका नारळामुळे निकामी होऊन पडलेले असतात.

बीएस-६ ने डिझेलवाल्यांची तर वेगळीच गंमत केली. काही डिझेल गाड्यांना आता युरिया लागतो. धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारायला युरियाचं द्रावण सायलेन्सरमध्ये फवारतात. त्याची वेगळी टाकी असते आणि ते संपत आलं की दिवा पेटतो. ही बातमी शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्याला पहिल्यांदा सांगणारा माणूस धाडसी म्हटला पाहिजे. युरियाच्या रांगेत उभं राहण्यात ज्याचा अर्धा पावसाळा जातो, त्याला आपली गाडीही त्याच रांगेत उभी आहे हे कळल्यावर क्षणभर काही सुचत नाही. मग त्याचे डोळे चमकतात. घरात ४५ किलोची गोणी आहे. बादलीभर पाण्यात दोन ओंजळी टाकल्या तर? नको. गाडीचं द्रावण साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं आणि क्षार काढलेल्या पाण्याचं असतं. खताचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावून येतो. तो पिकाला बरा, पण ती फवारणीची नळी आणि पुढचा डबा बसवून टाकतो, आणि त्या दुरुस्तीच्या पैशात गोण्यांचा ट्रक येईल. दिवा अंगठ्याआड ठेवून चालवत राहिलात तर टाकी कोरडी झाल्यावर गाडी आधी ताकद कमी करते, किंवा एकदा बंद केली की पुन्हा सुरूच होत नाही. जिल्ह्यात "तो तसाच शे" म्हणून न ऐकणारा हा एकमेव दिवा. कृषी खात्यालासुद्धा युरियाच्या बाबतीत एवढी शिस्त जमलेली नाही.

डिझेलचाच दुसरा दिवा काजळीचा. धुरातली काजळी एका जाळीत अडकते आणि जाळी तुंबत आली की गाडी ती जाळून टाकते. त्यासाठी सायलेन्सर तापायला हवा, म्हणजे साठाच्या आसपासच्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळायला हवी. आमच्या एका डॉक्टरसाहेबांची मोठी डिझेल गाडी रोज घर ते दवाखाना जाते, अंतर चालत पाच मिनिटं. दिवा कायमचा लागलेला. साहेब पेशंटला सांगत असतात, बसून राहू नका, रोज मोकळ्या हवेत थोडं पळा. मिस्त्रीने त्यांच्या गाडीची जाळी बघितली आणि नेमकं तेच त्यांना सांगितलं. फी घेतली नाही, कारण साहेब त्याच्या आईचा बीपी बघतात. आता दर रविवारी डॉक्टरसाहेब गाडीला पळवायला विसरवाडीकडे निघतात. साठाचा वेग वीस मिनिटं सलग मिळेल असा रस्ता शोधण्यात त्यांचा स्वतःचा बीपी वाढला आहे.

नवापूरला गेलं की दिव्यांचं राजकारण होतं. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिकीट एका राज्यात काढून गाडी दुसऱ्या राज्यात पकडायची, याचं तिथल्यांना काहीच वाटत नाही. पेट्रोल पलीकडे गुजरातेत स्वस्त. त्यामुळे नवापूरकराच्या मीटरवर पेट्रोलचा पिवळा दिवा लागला म्हणजे पेट्रोल संपत आलं असं नसतं. सीमेपलीकडच्या उच्छलला कामाने कधी जायचं ते ठरवायची वेळ आली, असं असतं. तोवर गाडी टाकीच्या तळावर चालवायची. खिशाला हे बरं वाटतं. पण आजच्या मोटारीत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी सतत रिकामी ठेवली की पंप तापतो आणि आयुष्य लवकर आटपतं. लिटरमागे वाचवलेल्या रुपयांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसाला पंपाची किंमत कधीच आठवत नाही. तो खर्च वेगळ्या वहीत.

इथवर चेष्टेचं होतं. तांबड्यांपैकी ऑईलच्या झारीशी चेष्टा चालत नाही. ती चालू गाडीत पेटली म्हणजे इंजिनात ऑईलचा दाब उरलेला नाही. गाडी तिथेच बंद करायची, मग पट्टी ओढून ऑईल बघायचं. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी ते दोन किलोमीटर इंजिनाच्या किमतीचे असू शकतात. बॅटरीचा तांबडा दिवा पेटला तर बहुतेकदा बॅटरी निर्दोष असते. डायनॅमो चार्ज करत नसतो किंवा त्याचा पट्टा तुटलेला असतो. ज्या इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो तिथे थोड्या वेळाने गाडी उकळणार हे ठरलेलं. नवी बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराला यातलं काहीही सांगायची घाई नसते.

आणि ब्रेकचा दिवा. सातपायरी घाटाने तोरणमाळला निघालेल्या एका गाडीत हा दिवा वळण आलं की लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. आतल्या मंडळींनी निरीक्षण करून निष्कर्ष काढला की ही नव्या मॉडेलची सोय आहे, पुढे वळण आहे हे गाडी सांगते. घाटात एवढी वळणं की दिवा थकला नाही याचंच त्यांना कौतुक. वास्तविक ब्रेक ऑईलची पातळी इतकी उतरली होती की वळणावर ते भांड्यात एका बाजूला कलंडे आणि दिवा लागे. ऑईल कमी होतं कारण ब्रेकचे पॅड झिजून गेले होते. पॅड झिजतात तसं ऑईल भांड्यातून खाली उतरत जातं. अशा वेळी नुसतं वरून ऑईल ओतलं की दिवा जातो आणि झिजलेले पॅड तसेच राहतात. ती मंडळी सुखरूप खाली आली. त्याचं श्रेय त्यांनी गोरक्षनाथाला दिलं, आणि पॅड बघितल्यावर मिस्त्रीनेही दिलं.

या सगळ्यात मला खरी भीती वाटते ती एका कायम पेटलेल्या दिव्याची नाही, त्याच्या शेजाऱ्याची वाटते. एक दिवा वर्षभर जळत राहिला की मीटर म्हणजे जळणाऱ्या दिव्यांची जागा, असं डोळ्याला पडून जातं. मग दुसरा पेटला तरी कुणाचं लक्ष जात नाही. इंजिनाच्या दिव्याचं तर असं की तो एकच असतो आणि त्याच्यामागे शंभर कारणं रांगेत उभी असतात. पहिलं कारण साधं, एखाद्या सेन्सरचं असेल. तो आधीच पेटलेला असल्यामुळे दुसरं, गंभीर कारण आलं तरी त्याला आणखी पेटता येत नाही. जुन्या जिपेचा ड्रायव्हर इंजिनाचा सूर ऐकायचा. आता गाण्याचा आवाज मोठा असतो.

सारंगखेड्याला दत्त जयंतीपासून यात्रा भरते आणि तापीकाठी देशभरातले घोडे उभे राहतात. तिथे घोडा घेणारा माणूस घाई करत नाही. ओठ वर करून दात बघतो, वय काढतो. अंगावरचे भोवरे एकेक करून शोधतो; देवमण असेल तर खिसा सैल होतो, डोळ्याखाली भोवरा असेल तर जनावर कितीही देखणं असलं तरी हात जोडून पुढे सरकतो. चालवून बघतो, पळवून बघतो. अशाच एका जाणकार आबांना मुलासाठी जुनी मोटार घ्यायची होती, म्हणून आम्ही सोबत गेलो. दोन गाड्या पसंतीच्या होत्या. पहिल्या गाडीची चावी फिरवली आणि मीटरवरचे झाडून सगळे दिवे पेटले. ते पेटायलाच हवेत. चावी फिरवल्यावर गाडी आपले दिवे जिवंत आहेत का ते दाखवते. काही दोन-तीन सेकंदांत जातात, बाकीचे इंजिन सुरू झाल्यावर. एखादा पेटलाच नाही तर समजायचं की कुणीतरी त्याचा आवाज बंद केला आहे. पण आबांनी तो उजेड बघितला आणि मान हलवली, "इतला दिवा? नको रे भो." मालक बिचारा सांगत राहिला, आबा, सुरू तर करू द्या, सगळे जातात. आबा तोवर दुसऱ्या गाडीत जाऊन बसले होते. तिची चावी फिरवली. हँडब्रेकचा एक दिवा लागला. इंजिनचा नाही, ऑईलचा नाही, एअरबॅगचा नाही. काळंभोर, स्वच्छ मीटर. मी काही बोलणार तोच आबांनी खाली उतरून टायरला लाथ मारली, दार दोनदा आपटून आवाज ऐकला आणि विक्रेत्याच्या हातावर टाळी दिली. खोड नाही म्हणून पाच हजार वरून दिले.